कोशाचीं पानें आणि गंजिफांचीं पानें

ज्ञानकोश रचणाऱ्याला काय लिहावें यापेक्षां काय गाळावें याची विवंचना अधिक असते. डॉ. केतकरांनीं १९२० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले, तेव्हां कागद, छपाई आणि वर्गणीदार या तिन्ही गोष्टींच्या मर्यादा त्यांना संभाळाव्या लागल्या. पुढें वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम उभें राहिलें व १९७६ सालीं त्याचा पहिला खंड बाहेर पडला. त्यालाही खंडांची संख्या आणि नोंदींची लांबी आधीं ठरवूनच चालावें लागलें. एक नोंद आंत घ्यावयाची म्हणजे दुसरी बाहेर ठेवावयाची, असा हा रोकडा हिशेब होता. २००१ सालच्या जानेवारींत महाजालावर विकिपीडिया नांवाचा ज्ञानकोश सुरू झाला आणि १ मे २००३ रोजीं त्याची मराठी आवृत्ति निघाली, तेव्हां हा हिशेब आतां मिटला असें पुष्कळांस वाटलें. तेथें कागद नाहीं, बांधणी नाहीं. लाख नोंदींत आणखी एक भर पडली तर कोणाचें काय जातें?

प्रत्यक्षांत मात्र तंटे मिटले नाहींत, वाढले. अमुक नोंद कोशांतून काढून टाकावी असा प्रस्ताव कोणीही मांडावा, त्यावर साधारणतः सात दिवस चर्चा चालावी, आणि हात वर करणाऱ्यांची संख्या न मोजतां युक्तिवादाचें वजन पाहून निर्णय व्हावा, अशी इंग्रजी विकिपीडियाची रीत आहे. अशा चर्चांत मोठमोठे राजे आणि युद्धें क्वचितच येतात. तेथें येतात तीं लहान गांवें, विसरलेले ग्रंथकार, आणि चार गल्ल्यांपलीकडे कोणास ठाऊक नसलेला एखादा पत्त्यांचा खेळ. खेळ चांगला कीं वाईट, तो खेळणारे दहा कीं दहा लाख, हें तेथें पाहिलें जात नाहीं. प्रश्न एकच असतो : ज्यांचा त्या खेळाशीं हितसंबंध नाहीं, अशा विश्वसनीय लेखकांनीं त्याविषयीं पुरेशा विस्तारानें कोठें छापून लिहिलें आहे काय? लिहिलें असेल तर नोंद राहते, नसेल तर जाते.

ही कसोटी वरवर पाहतां निर्जीव वाटते. परंतु पत्त्यांच्या खेळाला कोशांत घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न महाजालाबरोबर जन्मलेला नाहीं. तो आपल्या देशांत निदान चारशें वर्षांचा जुना आहे, आणि त्याचीं जीं उत्तरें वेळोवेळीं दिलीं गेलीं त्यांवर आजचे इतिहासकार अवलंबून आहेत.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर इ. स. ११३० च्या सुमाराचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ आहे. पांच विंशति आणि शंभर अध्याय एवढ्या पसाऱ्यांत राज्य मिळविण्यापासून तें उपभोगण्यापर्यंत राजाला लागणारी सारी विद्या त्यानें गोळा केली आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचें संपादन केलें. त्या ग्रंथाची एक अखंड विंशति क्रीडांना दिलेली आहे. बुद्धिबळ आहे, फासे आहेत, कवड्या आहेत. मल्ल, हत्ती, कोंबडे, मेंढे यांच्या झुंजींचीं वर्णनें तर दुसरीकडे स्वतंत्र आहेतच. स्वयंपाकघरांतल्या पदार्थांपर्यंत ज्याची दृष्टि पोहोंचली, त्या राजानें पत्त्यांचा मात्र उल्लेख केलेला नाहीं. यावरून बाराव्या शतकांत दक्षिणेंत पत्त्यांचा प्रचार नसावा असें अनुमान निघतें, आणि तें बहुधा बरोबरही आहे. कोशानें मौन धरिलें कीं तें मौनच पुढें पुरावा होऊन बसतें, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. सोमेश्वराला एखादा खेळ क्षुद्र वाटून त्यानें तो गाळला असता, तर आज आपण तो खेळ त्या काळीं नव्हताच असें म्हटलें असतें.

याच्या उलट बाबराची गोष्ट. १५२७ सालीं त्यानें मीर अली नांवाच्या शस्त्रागाराच्या सेवकाबरोबर सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्या. शाह हसनला त्या खेळाचा फार नाद होता आणि त्यानें गंजिफा मागितल्या होत्या, एवढीच माहिती बाबरानें आपल्या रोजनिशींत एका वाक्यांत टिपून ठेविली. इब्राहीम लोदीचा पाडाव करणारा, राणा सांगाशीं नुकताच झुंजलेला हा पुरुष त्या दिवशीं हें वाक्य लिहिण्याचा कंटाळा करता, तर कोणीही त्याला दोष दिला नसता. हिंदुस्थानांतील गंजिफांच्या इतिहासाचा आरंभ करतांना आज प्रत्येक अभ्यासक त्याच वाक्यापाशीं येऊन थांबतो.

पुढें त्याच्या नातवाच्या दरबारांत अबुल फजल यानें ‘आईन-इ-अकबरी’ रचिली. सैन्य, टांकसाळ, जमीनमहसूल, तबेले यांच्या जोडीला या ग्रंथांत खेळांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. चौगान, कबुतरें उडविणें, चौपट, अकबरानें काढलेला चांडाळमांडळ आणि शेवटीं गंजिफा, असा तेथील क्रम. राजकारभाराच्या ग्रंथांत खेळ कशाला, ही शंका कोणी काढील हें अबुल फजल जाणून होता. म्हणून चौगानाचें वर्णन करतांना त्यानें आधींच उत्तर देऊन ठेविलें आहे कीं, वरवर पाहणाऱ्यास हा केवळ खेळ दिसतो, पण जाणत्याला त्यांत माणसाची पारख करण्याचें साधन सांपडतें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर नोंदीच्या पात्रतेचा हा युक्तिवादच होय. गंजिफांच्या वर्णनांत तो आधीं प्राचीन पद्धतीचा बारा रंगांचा संच सांगतो. अश्वपति, गजपति, नरपति, गढपति, धनपति असे एकेका रंगाचे अधिपति. प्रत्येक रंगांत बारा पानें, म्हणून एकूण १४४. त्यानंतर अकबरानें त्यांत केलेले फेरफार आणि आठ रंगांचा संच येतो. घोड्यावरचा राजा, हत्तीवरचा राजा, नावेंत बसलेला राजा, हीं चित्रें कशीं काढावींत एवढें तपशीलवार तो सांगतो. हा खेळ दरबाराबाहेर, दिल्ली-आगऱ्याच्या गल्ल्यांत लोक कसा खेळत, याविषयीं मात्र तो मुग्ध आहे. त्याच्या कोशाचा तो विषयच नव्हता.

महाराष्ट्राला आणि कोंकणाला जवळचा खेळ म्हणजे दशावतारी गंजिफांचा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार हे दहा रंग. प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंत चिन्हांचीं दहा पानें. मिळून एकंदर १२० पानें. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कांसवें, परशुरामाच्या रंगावर परशु, अशीं चिन्हें मोजून पानाची किंमत ठरते. खेळणारे तिघे, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला चाळीस पानें येतात, आणि पानें वाटोळीं असल्यामुळें तीं एका मुठींत पंख्यासारखीं धरणें हीच पहिली परीक्षा. राजा आणि प्रधान सर्व रंगांत श्रेष्ठ खरे, पण त्यांच्या खालीं निम्म्या रंगांत दहा थोर आणि एक्का हलका, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का थोर आणि दश्शी हलकी. नवख्याची पहिली त्रेधा येथेंच उडते. उतारी कोणाची, तर दिवसा खेळ मांडला असेल तेव्हां रामाचा राजा ज्याच्या हातीं त्याची, आणि रात्रीं मांडला असेल तेव्हां कृष्णाचा राजा ज्याच्या हातीं त्याची. कारण राम मध्यान्हीं जन्मला, कृष्ण मध्यरात्रीं. आजच्या अर्थानें हुकुमाचा रंग या खेळांत नाहीं. वरचीं पानें पडून गेल्यावर त्या रंगांतील उरलेल्या पानांपैकीं सर्वांत थोर कोणतें आणि तें कोणाकडे असेल, याची आठवण दहाही रंगांच्या बाबतींत एकसारखी ठेवणें, यांतच जिंकणें-हरणें असतें. दुपारच्या झोंपेला पर्याय म्हणून हा खेळ मांडणाऱ्यास तो फारसा मानवण्याचा संभव नाहीं.

या गंजिफांविषयीं विद्वानांनीं लिहिलें तें कसें लिहिलें, हेंही पाहण्यासारखें आहे. १८९५ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं विष्णुपूरच्या वाटोळ्या पानांवर एक लहानसें टिपण प्रसिद्ध केलें. विष्णुपूरला मल्ल राजांच्या आश्रयानें दशावतारी तासांचा खेळ चालत असे. तेथें बुद्धाचें स्थान नववें नसून पांचवें आहे आणि त्याचें चिन्ह कमळ आहे, ही गोष्ट शास्त्रीबोवांच्या नजरेस आली. अवतारांचा असा क्रम ज्या काळीं रूढ असेल त्या काळींच हा खेळ निघाला असला पाहिजे, असा तर्क करून त्यांनीं खेळाचें वय हजार वर्षांच्या मागें नेलें. तर्क मोठा आकर्षक, पण लंगडा. चित्रांची परंपरा जुनी असली म्हणून त्या चित्रांनीं मांडलेला खेळही तितकाच जुना ठरत नाहीं. उद्यां कोणी अजिंठ्याच्या चित्रांचे पत्ते छापले तर ते पत्ते वाकाटकांच्या काळचे होणार नाहींत. तरीही टिपण छापलें गेलें होतें म्हणून पुढच्यांना तें खोडून तरी काढतां आलें, आणि विष्णुपूरचा तो वेगळा क्रम नोंदला गेला तो कायमचाच.

या विषयाला पुढें ज्यानें खरा आकार दिला तो गृहस्थ मुंबईकर होता, जरी जन्मानें जर्मन. रुडोल्फ फॉन लायडन हा भूगर्भशास्त्र शिकलेला तरुण १९३३ सालीं मुंबईस आला, टाइम्स ऑफ इंडियांत चित्रकलेवर समीक्षा लिहूं लागला, आणि स्वातंत्र्यानंतरच्या नव्या चित्रकारांचा पाठीराखा म्हणून त्याचें नांव झालें. त्यानें गांवोगांव हिंडून गंजिफांचे संच जमविले. म्हैसूरच्या पानांवर आणि नंतर १९८२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमसाठीं सर्व हिंदुस्थानच्या गंजिफांवर पुस्तक लिहिलें. आज कोणत्याही ज्ञानकोशांत गंजिफांवर नोंद करतांना पात्रतेची शंका उपस्थित होत नाहीं, याचें मोठें श्रेय या एका माणसाच्या नादिष्टपणाला आहे.

म्हैसूरचा उल्लेख आला तो सोडून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. तिसरे कृष्णराज वोडेयर (१७९४–१८६८) यांना ब्रिटिशांनीं १८३१ सालीं राज्यकारभारांतून दूर केलें. हातीं सत्ता उरली नाहीं, वेळ मात्र भरपूर उरला. ‘श्रीतत्त्वनिधि’ या आपल्या प्रचंड सचित्र ग्रंथाच्या अखेरच्या भागांत, ज्याला कौतुकनिधि म्हणतात, त्यांनीं ‘चद’ या नांवाखालीं तेरा पत्त्यांचे खेळ वर्णिले. लहानांत लहान संच ३६ पानांचा आणि मोठ्यांत मोठा ३६० पानांचा, अठरा रंगांचा! देवता, वाहनें, चिन्हें, सारें रेखीव आणि शास्त्रशुद्ध आहे. हीं पानें त्यांच्या आश्रयाखालीं तयारही झालीं व संग्रहालयांत पाहावयास मिळतात. आतां ३६० पानांचा डाव राजवाड्याबाहेर किती घरांत रंगला असेल, याची कल्पना कोणीही करावी. पण ग्रंथ आहे, पानें आहेत, त्यांवर विद्वानांचें लेखन आहे. तेव्हां छापील पुराव्याच्या कसोटीला राजेसाहेबांचे तेराही खेळ उतरतात.

आणि आपला मेंढीकोट? महाराष्ट्रांत आणि गुजराथेंत उन्हाळ्याच्या सुटींत ज्या घरीं चार टाळकीं जमलीं त्या घरीं मेंढीकोट खेळला गेला नाहीं असें क्वचितच झालें असेल. चौघे खेळाडू, समोरासमोरचे भिडू, बावन्न पानें, आणि चार दश्श्या पकडण्याची ईर्ष्या. तीन दश्श्या मिळाल्या तर जिंकलें. दोन-दोन अशी वांटणी झाली तर ज्यांचे हात सात किंवा अधिक तें जिंकले. चारी दश्श्या एकाच पक्षाकडे गेल्या तर कोट. आणि तेराही हात एकाकडे गेले तर हरणाऱ्यांची जी शोभा होते ती सांगावयास नको. हुकूम ठरविण्याच्याही रीती दोन : एक बंद हुकुमाची, जींत एका पानाचा रंग पालथा झांकून ठेवतात, आणि दुसरी, जींत मागितलेला रंग ज्याला प्रथम चालवितां येत नाहीं त्याच्या पानानें हुकूम ठरतो. हा खेळ लक्षावधि लोकांनीं खेळला. त्यावर लिहिलें मात्र कोणी फारसें नाहीं, कारण जें सर्वांस ठाऊक आहे तें लिहावें कशाला? जें सर्वांच्या तोंडीं असतें तें कागदावर येत नाहीं, आणि तोंडें मिटलीं कीं तें गेलें. पांच-तीन-दोन, लाडीस, झब्बू, गुलामचोर यांचीही स्थिति फारशी निराळी नाहीं.

मैदानी खेळांचें नशीब याहून बरें. खोखोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं बांधून दिले असें सांगतात. मंडळें निघालीं, सामने झाले, वर्तमानपत्रांनीं निकाल छापले. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनीं १९३६ पासून १९४९ पर्यंत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, त्यांत देशी खेळांना मानाचें स्थान मिळालें. बैठ्या खेळांना ना मंडळ ना सामना. शिवाय पत्ते म्हणजे जुगाराचे सख्खे भाऊ अशी वडीलधाऱ्यांची समजूत. घरांत खेळ चाले, पण त्यावर पुस्तक लिहिणें प्रतिष्ठितपणाला शोभणारें नव्हतें.

मग छापील पुराव्याची ही अट सरळ काढून टाकावी काय? तसें म्हणणारे आहेत. त्यांनीं डिचोलीची हकीकत एकदां वाचावी. २००७ सालीं इंग्रजी विकिपीडियावर ‘डिचोलीचा संघर्ष’ या विषयावर एक लांबलचक नोंद लिहिली गेली. १६४० पासून १६४१ पर्यंत गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठे यांच्यांत युद्ध झालें, मग तह झाला, असें तींत सविस्तर वर्णन होतें, आणि खालीं संदर्भग्रंथांची यादीही होती. त्याच वर्षीं तिला ‘चांगल्या नोंदी’चें बिरुदही बहाल झालें. हें युद्ध कधीं झालेंच नव्हतें. संदर्भ म्हणून दिलेले ग्रंथ शोधूं जातां ते मुळांत अस्तित्वांतच नव्हते. १६४० सालीं शिवाजीमहाराज दहा वर्षांचे होते आणि डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेली ती अठराव्या शतकांत, एवढें शाळकरी ज्ञान कोणा तपासनिसाला असतें तरी भागलें असतें. पण नोंद पांच वर्षें सन्मानानें नांदली आणि २०१२ सालच्या डिसेंबरांत काढली गेली. जेथें मराठ्यांचें एक अख्खें युद्ध रचतां येतें तेथें पत्त्यांचा एक खेळ रचणें किती सोपें! चार विद्यार्थी मधल्या सुटींत नवा डाव काढतात, संध्याकाळीं तो कोशांत घालतात, आणि ‘हा खेळ फार प्राचीन आहे’ असेंही वर लिहून टाकतात. असल्या प्रकारांचा इतका सुळसुळाट झाला कीं, एका दिवसांत रचलेल्या गोष्टींकरितां हा कोश नाहीं, असें विकिपीडियाला एक स्वतंत्र पान लिहून बजवावें लागलें. त्याहून वाईट म्हणजे कोशांतली चूक एखादा वार्ताहर उचलतो, ती वर्तमानपत्रांत छापून येते, आणि मग तेंच वर्तमानपत्र कोशांत पुरावा म्हणून जोडलें जातें. अशा चक्रांत सांपडलेली खोटी गोष्ट उपटून काढणें मोठें कर्मकठीण असतें.

छापील पुरावा असूनही कोश चुकतात, याचें उदाहरण यूरोपांत घडलें. टॅरो नांवाचीं पानें सर्वांस ठाऊक आहेत तीं भविष्य सांगण्याचीं म्हणून. १७८१ सालीं कूर द जेबेलां या फ्रेंच पंडितानें तीं प्राचीन मिसर देशाच्या गूढविद्येचा अवशेष असल्याचें जाहीर केलें. मिसरची चित्रलिपि वाचण्याची किल्ली शांपोल्यों याला सांपडली ती १८२२ सालीं, म्हणजे त्यानंतर चाळीस वर्षांनीं! तरीही पुढें दोनशें वर्षें पुस्तकांमागून पुस्तकें याच कल्पनेवर निघालीं. अखेर ऑक्सफर्डचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक मायकेल डमेट यांनीं १९८० सालीं ‘द गेम ऑफ टॅरो’ हा भलामोठा ग्रंथ लिहून दाखवून दिलें कीं, हीं पानें १४४० च्या सुमारास उत्तर इटलींत निघालीं तीं निव्वळ खेळण्यासाठीं, आणि तो खेळ फ्रान्स, ऑस्ट्रिया व इतरत्र गांवोगांवच्या गुत्त्यांत कधींच बंद पडला नव्हता. भविष्य सांगणारे लिहीत होते, खेळणारे खेळत होते. पुस्तकांत शिरले ते पहिले. डमेट यांनीं ज्या खेळांचे नियम गोळा केले त्यांतले कांहीं एकेका खोऱ्यापुरते उरलेले होते. तर्कशास्त्राच्या पीठावर बसलेल्या मनुष्यानें असल्या कामांत वर्षें घालवावींत, याचें त्यांच्या सहकाऱ्यांना आश्चर्य वाटलें असल्यास नवल नाहीं.

या पेचांतून वाट काढण्याचा एक प्रयत्न आपल्याच देशांत झाला आणि तोही एका खेळाच्या निमित्तानें. केरळांतील मुलें ‘डब्बाकळि’ नांवाचा एक खेळ खेळतात. लाखों प्रौढांनीं तो बालपणीं खेळलेला. कोशाला चालेल असा छापील आधार मात्र मिळेना. २०११ सालीं अचल प्रभला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विकिमीडिया संस्थेच्या साह्यानें मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेंतील सेपेडी या तीन भाषांत लोकांच्या तोंडची माहिती ध्वनिमुद्रित केली, आणि ही ध्वनिमुद्रणें नोंदींना आधार म्हणून जोडतां यावींत असा आग्रह धरिला. विरोधकांचें म्हणणें असें कीं, मुलाखती घेऊन त्यांवरून निष्कर्ष काढणें हें संशोधन झालें, कोशकाराचें काम आधीं झालेलें संशोधन संकलित करण्याचें. त्या म्हणण्यांत तथ्य आहे. पण छापखाना ज्या भाषांच्या दारीं उशिरां आला किंवा आलाच नाहीं, त्या भाषांच्या लोकांना याचा अर्थ इतकाच कळतो कीं, तुमचें ज्ञान आधीं दुसऱ्या कोणीं लिहून ठेवावें, मग आम्हीं तें मानूं. प्रयोगाची चर्चा बरीच झाली. छापील पुराव्याचा मूळ नियम मात्र जागचा हलला नाहीं.

नियम हलत नसेल तर त्याला लागणारा पुरावा निर्माण करणें एवढेंच हातीं राहतें, आणि तें काम कोशाच्या दाराबाहेर करावें लागतें. हरप्रसाद शास्त्र्यांचें टिपण किंवा फॉन लायडनचें पुस्तक अशाच प्रकारें आधीं झालें, नोंदी मागाहून आल्या. सावंतवाडीची गोष्ट या दृष्टीनें बोलकी आहे. तेथील चितारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या गंजिफा रंगवीत आलीं : कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवावयाचे, वाटोळे तुकडे कापावयाचे, हातानें चित्रें काढावयाचीं आणि वर लाखेचें रोगण चढवावयाचें. छापील पत्ते दोन आण्यांना मिळूं लागल्यावर या पानांना गिऱ्हाईक उरलें नाहीं. कला अगदीं शेवटच्या श्वासावर आली असतां राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली व राजवाड्यांतच कारखाना घालून नवे हात तयार केले. आज सावंतवाडीचा राजवाडा पाहावयास जाणाऱ्यास दरबार-दालनांत मांडी घालून पानें रंगविणारे कारागीर दिसतात, आणि तयार संच विकतही मिळतात.

पानें वांचलीं. खेळाविषयीं तसें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. संच घेणारा तो बहुधा दिवाणखान्यांत लावण्यासाठीं किंवा भेट देण्यासाठीं घेतो. तिघांनीं बसून १२० पानांचा डाव मांडणारीं घरें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. ओरिसांत कांहीं गांवांतून वृद्ध मंडळी अजून पारावर गंजिफा खेळतात, आणि तेथील खेळाचे नियम अभ्यासकांनीं समोर बसून टिपून घेतले आहेत. संग्रहालयें पानें जपतात, कारण पान ही वस्तु आहे. उतारी कोणी करावी, कोणतें पान केव्हां टाकलेंच पाहिजे, डाव संपतां संपतां उरलेल्या पानांचें काय करावयाचें, या गोष्टी कांचेच्या कपाटांत ठेवतां येत नाहींत. ज्या नोंदींत चित्रें सुंदर आणि खेळण्याची रीत दोन ओळींत उरकलेली, अशा नोंदी म्हणूनच पुष्कळ दिसतात.

मेंढीकोटाला इंग्रजी विकिपीडियावर जागा मिळाली आहे. जॉन मॅक्लाउड नांवाच्या एका इंग्रज गृहस्थानें जगांतील पत्त्यांच्या खेळांचे नियम खेळणाऱ्यांकडूनच मिळवून ‘पॅगॅट’ या संकेतस्थळावर गोळा करण्याचा उद्योग १९९५ पासून चालविला आहे. त्यांत मेंढीकोटाचे नियमही आहेत, बंद हुकुमाच्या रीतीसह. आतां या नियमांना अपवाद सांगणारीं घरें महाराष्ट्रांत पावलोपावलीं भेटतील. कोणाकडे आधीं पांचच पानें वाटून हुकूम विचारतात, कोणाकडे दोन जोड एकत्र पिसून सहा जण बसतात, कोणाकडे लागोपाठ हरणाऱ्यानेंच पानें पिसत राहावयाचें असा दंडक आहे. यांतली मूळ रीत कोणती आणि पोटभेद कोणते, हें ठरविण्यास लागणारी सामग्री अजून कोणी एकत्र केलेली नाहीं. ज्या पिढीनें हा खेळ पत्त्यांच्या जोडाखेरीज दुसरें कोणतेंही करमणुकीचें साधन हातीं नसतांना खेळला, ती आतां सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहे.